सेकंदकाट्याचं घड्याळ

(एप्रिल 2020 मधलं वर्तमानपत्र.)

मुंबईच्या महापौर किशोरी पेडणेकर नायर रुग्णालयात आल्या, त्या परिचारिकेच्या गणवेशात. राजकारणाआधी त्या परिचारिकाच होत्या. कोविडच्या दिवसांत नर्सिंगच्या मुलींना धीर द्यायला आल्या होत्या. ते छायाचित्र घरोघरी पाहिलं गेलं.

इतर सिस्टर मोठ्या खंडानंतर कामावर परततात, तेव्हा छायाचित्र निघत नाही. मूल लहान असतं, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, नाईट ड्यूटी जमेनाशी होते. नोकरी सुटते. नाडी मोजायचं, सेकंदकाटा असलेलं घड्याळ कपाटात जातं. दहा-बारा वर्षांनी ते पुन्हा मनगटावर येतं.

(वॉर्ड. शीर शोधणारी बोटं.)

बोटं विसरलेली नसतात. सलाईनची 500 मिलीची बाटली, आठ तास, मिलीला वीस थेंब सोडणारी नळी, म्हणजे मिनिटाला 21 थेंब; हा हिशेब अजून तोंडपाठ असतो. पण खाटेशेजारी आता इन्फ्युजन पंप असतो, ठरल्या वेगाने सलाईन सोडणारं यंत्र. तो थेंब विचारत नाही, तासाला किती मिली ते विचारतो. साडेबासष्ट. रुग्णालयातल्या कचऱ्याच्या पिशव्यांचे रंगही 2016 च्या नियमांनी बदललेत.

(सीपीआरच्या, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबून श्वास देण्याच्या, सरावाचा पुतळा.)

जिवावर बेतू शकतो तो बदल इथे आहे. पूर्वी शिकवायचे : आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब. 2010 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा क्रम बदलला. मोठ्या माणसाचं हृदय अचानक थांबलं, तर आधी छाती दाबायची. आता मिनिटाला 100 ते 120 वेळा. कारण सुरुवातीची काही मिनिटं रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, तो मेंदूपर्यंत पोचवायला हवा. अंगवळणी पडलेला क्रम नुसतं वाचून सुटत नाही. पुतळ्यावर घाम गाळावा लागतो.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत 150 तासांचं शिक्षण ठरवून दिलंय. ते हवंच. पण तास सभागृहात बसूनही भरतात. ब्रिटनमध्ये नोंदणी टिकवायला तीन वर्षांत 450 तास प्रत्यक्ष काम लागतं. खंड पडलेल्यांसाठी तिथे परतीचा अभ्यासक्रम आहे, त्यात अनुभवी नर्सच्या देखरेखीखाली वॉर्डात काम करता येतं.

आपल्या सिस्टरनाही हे मिळायला हवं. पहिल्याच रात्री अख्खा वॉर्ड तिच्या एकटीवर टाकू नका. काही आठवडे सोबत द्या. तिच्या चुकीची किंमत पेशंट मोजतो, आणि ती चूक सिस्टर जन्मभर मनात बाळगते.

(रात्र. पंपाचा अलार्म.)

तरुण सिस्टर कामावर परतलेल्या ताईंना बटण दाखवते, नळीतली हवा कशी काढायची तेही दाखवते. पलीकडच्या खाटेवर आजी आहेत. दोनदा सुई टोचूनही शीर मिळालेली नाही.

"ताई, तुम्ही बघता का जरा?"

ताई हात धुतात, आजींजवळ बसतात, आणि शीर फुगावी म्हणून दंडाला टूर्निकेटचा पट्टा बांधतात.