उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या लेण्यांच्या आणि जुन्या मंदिरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं म्हणून गेली दोन वर्षं हिंडतोय. फोटो रेडिओवर दाखवता येत नाहीत. ऊन मात्र तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगणात आहे, तेव्हा आज उन्हाबद्दल बोलतो.

आपला दगड काळा, बेसाल्ट. काळं समोर आलं की कॅमेऱ्याला अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो आणि मूर्ती राखेसारखी दिसायला लागते. म्हणून उजेड मुद्दाम कमी धरावा लागतो. पण खरी गोष्ट ऊन कुठून येतं याची. समोरून पडलं की कोरीव काम सपाट होतं. भिंतीला घासून आलं की गळ्यातल्या हाराचा मणी न् मणी सुटा दिसतो. वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला. कैलासाच्या दर्शनी भागासाठी भल्या सकाळी जाऊन उपयोग नाही, दुपार कलू द्यावी लागते.

सगळ्यात जास्त वाट पाहायला लावली ती उत्तरेच्या भिंतींनी. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सूर्य फिरकतच नाही. आणि आपण सगळे सहलीला जातो ते नेमके हिवाळ्यात! बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराबाहेरच्या सुरसुंदऱ्या, म्हणजे भिंतीवर कोरलेल्या देखण्या स्त्रियांच्या मूर्ती, मी आधी डिसेंबरात पाहिल्या होत्या. उत्तरेकडच्या झिजलेल्या वाटल्या. मे महिन्यात परत गेलो. तेव्हा सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो. दिवसभर अंगाची लाही झाली. पाचच्या सुमारास ऊन कोपऱ्यावरून वळलं, भिंतीवर तिरपं सरकत आलं, आणि झिजलेल्या वाटलेल्या चेहऱ्याला पापण्या फुटल्या. दहा-पंधरा मिनिटं. मी आधी नुसता बघत राहिलो, कॅमेऱ्याची आठवण उशिरा झाली. जूनमध्ये ढग येतात, म्हणजे वर्षातून हाती लागतात ते मोजके दिवस.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, आणि असायलाच हवी. तिथल्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ मध्ये आला, पुढे त्यानं कॅमेराही हाती घेतला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनमधल्या एका आगीत जळाल्या. वर्षानुवर्षांची ती मेहनत आठवली की मी प्रत्येक फोटोच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवतो.

आणि वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीत उभे केलेले कोरीव दगड. गावात मारुतीच्या देवळाजवळ, पाराखाली उभे असतात बघा. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. त्यांच्यावर ऑइलपेंट फासलेला पाहिला की जीव तुटतो, कारण रंगाच्या थराखाली छिन्नीची बारीक रेघ बुजून जाते. एका गावात असाच एक वीरगळ, नशिबानं रंगाविना, पण झाडाच्या दाट सावलीत. दिवसा काहीच उमटेना. रात्री कॅमेरा स्टँडवर लावला आणि बाजूनं बॅटरी धरली. एक आजी आल्या.

"कशाचा फोटो काढायलास रे लेकरा? धोंडा हाय त्यो."

म्हटलं, "माय, इथं जरा बाजूला उभ्या राहून बघा."

बॅटरी दगडाला टेकवून तिरपी धरली. खालच्या चौकटीत गाई दिसल्या, वीराच्या हातातली ढाल दिसली. आजी वाकून बघत होत्या. "गाई वळवून आणल्या व्हय यानं?" म्हणाल्या. मग माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि स्वतःच धरून उभ्या राहिल्या. तो फोटो त्यांनी धरलेल्या उजेडात काढलेला आहे.

प्रदर्शनात दाराशी तोच पहिला लावणार आहे. प्रत्येक फोटोखाली गाव, तालुका, तारीख आणि घड्याळातली वेळ लिहिली आहे, म्हणजे कुणाला वाटलं तर त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच भिंतीसमोर जाऊन उभं राहता येईल.

नमस्कार.