गॅरेजवरचा माळा

(न्यू जर्सी, एडिसन. शनिवारची सकाळ. गॅरेजचं दार खडखडत वर सरकतं.)

दोन गाड्यांचं गॅरेज, पण आत गाडी एकच. दुसरी बारा महिने बाहेर, बर्फातसुद्धा. तिच्या जागेवर काय साठलंय बघा. विमानात चालणाऱ्या २३ किलोवाल्या चार बॅगा. गणपतीचं थर्माकोलचं मखर. मुलाची लहानपणची सायकल. पुण्याहून बोटीने आलेल्या पुस्तकांचे सहा खोके. आणि एक जुना मिक्सर, जो 'लागेल कधीतरी' म्हणून दोन घरं बदलून इथवर पोचलाय.

घरातल्या ताई छताकडे बोट दाखवतात. "एवढी जागा वर रिकामी पडलीय. माळा करून टाकू ना!"

माळा म्हटलं की डोळ्यांसमोर आजोळ येतं. कोकणातल्या घरात जाड तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर भात, नारळ, जुनी भांडी, शिवाय दुपारी लपून बसलेली पोरं. शहरात आलो तरी न्हाणीघरावरचा सिमेंटचा माळा होताच. गादीपासून पातेल्यांपर्यंत काहीही वर ढकलावं. हे माळे वजनासाठीच बांधलेले असतात. त्यामुळे 'याला किती झेपेल?' असं विचारायची सवय आपल्याला लागलीच नाही.

(छतातलं चौकोनी झाकण. शिडीवरून टॉर्च वर जातो.)

सहा महिन्यांसाठी आलेले ताईंचे वडील सगळ्यांत आधी वर डोकावतात. गुहागरकडचं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. मिनिटभर ते गप्प. मग वरूनच आवाज येतो, "अगो, ही कैची आहे. हिच्यावर माळा नसतो."

आपले सुतार जिला कैची म्हणतात, तिलाच इथे ट्रस म्हणतात. या गॅरेजवर दर २४ इंचांवर एक, अशी लाकडी त्रिकोणांची रांग उभी आहे. लाकडाचं नाव टू बाय फोर, पण टेप लावला तर जाडी भरते दीड इंच आणि रुंदी साडेतीन. सांध्यांवर दातेरी पत्रे दाबून बसवलेत. हा पत्रा १९५२ साली फ्लोरिडात कॅरल सॅनफर्ड यांनी आणला. तीनच वर्षांत त्याच राज्यातल्या कॅल्व्हिन ज्युराइट यांनी असा पत्रा केला, ज्याला वेगळे खिळे ठोकावे लागत नव्हते. कैच्या कारखान्यात जुळवून ट्रकवरून येऊ लागल्या, आणि मध्ये एकही खांब न घेता वीस-बावीस फुटांचं गॅरेज झाकणं सोपं झालं. एवढ्या बारीक लाकडात हे जमतं, कारण त्यातली प्रत्येक काडी नेमून दिलेलं एकच काम करते.

त्या खालच्या आडव्या पट्टीकडे नीट बघा. छपराचा भार कैचीचे पाय बाहेर फाकवू पाहतो, आणि ही पट्टी ते ओढून धरते. लाकूड असलं तरी तिचं काम ताणलेल्या दोरीचं. तिलाच खालून जिप्समचं छत अडकवलंय. दाराच्या मोटरचा भारही तिच्यावरच. आणि आपण तिच्यावर पुस्तकं ठेवायला निघालोय.

मग काहीच ठेवायचं नाही का? ठेवता येतं, पण हिशोबाने.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालणारी निवासी बांधकामाची संहिता पोटमाळ्याचे तीन प्रकार मानते. सामान ठेवायचं नसलेल्या माळ्यावर दर चौरस फुटाला १० पौंड भार धरतात. हे कधीमधी वर चढणाऱ्या दुरुस्तीवाल्यासाठी, साठवणीसाठी नव्हे. मर्यादित साठवणीच्या माळ्याला २० पौंड, म्हणजे चौरस मीटरला साधारण ९८ किलो. राहण्याजोग्या माळ्याला ३०. शेजारच्या दोन कैच्यांच्या तिरप्या काड्यांमधून ४२ इंच उंच आणि २४ इंच रुंद अशी मोकळी चौकट बसत असेल, तर ती जागा साठवणीची धरतात. आपल्या गॅरेजची कैची कशासाठी बनली होती, हे तिच्या नकाशावर छापलेलं असतं. खालच्या पट्टीचा भार तिथे वेगळा दिलेला असतो. नकाशा बिल्डरकडे किंवा टाऊनशिपच्या, म्हणजे इथल्या गावपालिकेच्या, बांधकाम कार्यालयात सापडू शकतो. नाहीच मिळाला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. त्याची फी जास्त वाटते खरी, पण छत पाडून नवं घालण्याच्या खर्चाशी ताडून बघावी.

या घराचा नकाशा मिळाला. आकडा निघाला २०.

(ताई वजनकाट्यावर बॅग ठेवतात.)

आता २० पौंड म्हणजे किती, ते आपल्याच सामानावर बघू. भरलेली २३ किलोची बॅग म्हणजे ५० पौंड. आडवी ठेवली तर तीस बाय वीस इंच जागा घेते. दर चौरस फुटाला १२ पौंड. चालेल. तीच बॅग अरुंद बाजूवर उभी केली तर आकडा ३० वर जातो. एकीवर एक दोन आडव्या ठेवल्या तरी २४. आणि पुस्तकांचा खोका? सोळा बाय बारा इंचांचा छोटासा, पण भरला की ४५-५० पौंड सहज. दर चौरस फुटाला ३३च्या वर, तोही एकच थर. पुस्तकांचा विषय इथेच संपला.

"आणि त्याखालच्या फळ्यांचं वजन कोण धरणार?" आजोबा विचारतात. मुद्दा बरोबर. २४ इंचांच्या अंतरावर अर्धा इंची प्लायवूड पायाखाली दबतो, म्हणून पाऊण इंची घेतला. त्याचेच चौरस फुटाला दोन-सव्वादोन पौंड गेले. हाती उरले अठराच्या आत. तेही पुरते वापरायचे नाहीत, असं घरात ठरलं.

(कामाची दृश्यं.)

उन्हाळ्यात इथला माळा ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, म्हणून काम सकाळी आठच्या आत. तोंडाला मास्क, डोक्याला हेल्मेट. हेल्मेट शोभेला नाही, छपराच्या खिळ्यांची टोकं वरून आत आलेली असतात. पाय फक्त कैचीवर किंवा आडव्या टाकलेल्या फळीवर. मधल्या जिप्समवर पडला, तर माणूस सरळ गाडीच्या टपावर.

प्लायवूड दुकानातच दोन बाय चार फुटांचा कापून घेतला, नाहीतर झाकणातून वर जातच नाही. लांब बाजू कैच्यांना आडवी, टोकं कैचीच्या मध्यावर, आणि सगळीकडे स्क्रू. हातोडी चालवली नाही, कारण ठोकण्याच्या धक्क्याने खालच्या छताचे खिळे उकलतात. पूर्ण माळा झाकला नाही, झाकणाभोवतीची पट्टी तेवढी केली. छपराच्या कडेच्या हवेच्या फटी मोकळ्या ठेवल्या.

एका तिरप्या काडीमुळे बॅग आत सरकेना. जावईबापूंनी करवत आणली. "ही एवढीशी काढली तर?"

नाही. कैचीची काडी कापणं, तिला खाच पाडणं, भोक पाडणं, इंजिनिअरच्या मंजुरीशिवाय यातलं काहीच करता येत नाही. संहितेत तसं स्पष्ट लिहिलंय. जी काडी आड येते, तीच बहुधा शेजारच्या चारांना धरून असते. करवत परत गेली.

ओढून उघडणाऱ्या शिडीचं सोपं निघालं. साडेबावीस इंच रुंदीची शिडी मिळते, ती दोन कैच्यांमध्ये काहीही न कापता बसते. अडचण वेगळीच होती. गॅरेजवरचा माळा घराच्या माळ्याला जोडलेला असेल, तर गॅरेजचं जिप्सम छत हीच आगीची आड असते. तिला भोक पाडून साधं प्लायवूडचं झाकण लावलं, की गाडीला लागलेल्या आगीला घरात शिरायला वाट मिळाली. म्हणून आग थोपवणारं झाकण घेतलं, आणि आधी टाऊनशिपमध्ये विचारूनच.

दुकानात छताला टांगायचे लोखंडी रॅकही मिळतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात '६०० पौंड'. तो आकडा रॅकच्या ताकदीचा. ज्या कैचीला ते टांगणार, तिला तो कुणी विचारलेला नसतो. जाहिरातवाले हे मोठ्या अक्षरात छापत नाहीत, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

(वर जाणारं सामान.)

शेवटी वर काय गेलं? मखर. आकाशकंदील. दिव्यांच्या माळा. रिकाम्या बॅगा, एकात एक घालून. दिवाळीच्या मेणाच्या पणत्या ताईंनी खाली ठेवून घेतल्या, वर त्यांचा एकच गोळा झाला असता. रंगाचे डबे, स्प्रे आणि जुने फोटोही खालीच. बार्बेक्यूची गॅसटाकी तर गॅरेजच्याच बाहेर, अंगणात. पुस्तकं भिंतीलगतच्या रॅकवर गेली, जिचे पाय काँक्रीटवर आहेत. एक खोका मात्र आजोबा उघडून बसले, तो अजून तिथेच पडलाय.

पहिल्या हिवाळ्यात, छपरावर बर्फ असताना, ताई दर आठवड्याला छताकडे बघत होत्या. कुठे चीर नाही, पोक नाही, दाराचा रूळही अडकत नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला आजोबांनी जाण्याआधी मार्करने मराठीत लिहून ठेवलंय: 'फक्त रिकाम्या बॅगा. पुस्तके नाहीत. मिक्सर नाही.'

(झाकण बंद होतं. दुसरी गाडी आत येते. थोडी तिरकी, पण येते.)