पैसे कमी, कॅमेरा आवाज करणारा

सप्टेंबर १९६५. क्लोद ललूश अजून तिशीही न गाठलेला दिग्दर्शक आहे आणि त्याच्या ताज्या सिनेमाला वितरक मिळत नाहीये. मन थाऱ्यावर नाही, म्हणून रात्रीच तो पॅरिसहून गाडी काढतो आणि नॉर्मंडीत, दोव्हीलच्या समुद्रकिनाऱ्यावर येऊन थांबतो. उजाडताना लांबवर एक बाई चालताना दिसते. सोबत एक मूल, एक कुत्रा. इतक्या पहाटे ही इथं काय करतेय? या प्रश्नाचा माग काढता काढता त्याला ‘अ मॅन अँड अ वुमन’ सुचला.

सिनेमाची नायिका आन विधवा आहे, सिनेमाच्या सेटवर कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी जुळणं, सांभाळते. जाँ-लुई शर्यतीत गाड्या चालवतो. त्याचीही बायको गेलेली. दोघांची मुलं दोव्हीलच्या निवासी शाळेत. एका रविवारी तिची पॅरिसची ट्रेन चुकते आणि तो तिला आपल्या गाडीतून सोडतो. बस, गोष्ट एवढीच.

चित्रीकरण जेमतेम तीन आठवड्यांत उरकलं. कॅमेरा इतका आवाज करायचा की तो ब्लँकेटांत गुंडाळावा लागे आणि दूर उभं राहून, लांब लेन्सनं शूटिंग करावं लागे. ज्या धूसर, तरल दृश्यांवर पुढे जग भाळलं, त्यांच्यामागे ही अडचण होती. रंगीत फिल्मचंही तसंच. सगळा सिनेमा कृष्णधवल करायचा बेत होता. परदेशी वितरकानं रंगासाठी थोडे पैसे दिले, तेव्हा बाहेरची दृश्यं रंगीत झाली.

फ्रान्सिस लेचं संगीत मात्र शूटिंगच्या आधीच तयार होतं. ते ऐकत कलाकार अभिनय करत. आणि शेवटच्या प्रसंगात, स्टेशनवर आपल्याला घ्यायला जाँ-लुई येणार आहे, हे आनची भूमिका करणाऱ्या अनूक एमेला सांगितलेलंच नव्हतं. पडद्यावर दिसतं ते तिचं खरं चकित होणं.

१९६६च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, एका इटालियन सिनेमासोबत विभागून. पाठोपाठ दोन ऑस्कर: परभाषिक चित्रपट आणि मूळ पटकथा. अनूक एमेला अभिनेत्रीचं नामांकन.

समीक्षक मात्र दुभंगले. ‘काये द्यु सिनेमा’ या फ्रेंच सिने-मासिकाच्या वर्तुळाला ललूश कधीच रुचला नव्हता. इतरांनीही म्हटलं: ही तर गुळगुळीत जाहिरात, देखण्या माणसांची आणि देखण्या गाडीची.

हा आरोप निराधार नाही. पाऊस, वायपर, समुद्र, पुन्हा तीच धून. काही ठिकाणी सिनेमा स्वतःच्याच रूपावर रेंगाळतो. पण हॉटेलच्या खोलीतला प्रसंग बघा. दोघं अखेर एकत्र आली आहेत, आणि आनच्या डोळ्यांसमोर नवराच येत राहतो. ती थांबते. का, असं तो विचारतो. नवऱ्यामुळे, ती म्हणते. पण तो तर गेला, हे त्याचं म्हणणं तिला पटत नाही. ती एकटीच ट्रेननं परत निघते. कोणती जाहिरात आपल्या नायिकेला असं अर्ध्यातून उठू देईल?