नळीला चढणारे दोन ताप

नमस्कार मंडळी. आत येताना एका मुलीने मला अडवून विचारलं, "काका, रायफलची नळी तापते, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तापली की थांबायचं." तिचं बरोबर आहे, थांबायचंच असतं. पण कधी थांबायचं हे फक्त हाताला लागणाऱ्या चटक्यावर ठरवलं, तर तोवर उशीर झालेला असतो. तो का होतो, एवढंच सांगायला मी आज आलो आहे.

मी धातुशास्त्राचा माणूस. नोकरी डेन्व्हरला केली. तिथून सहा-सात तास गाडी हाकली की दक्षिण डकोटाचा पश्चिम भाग लागतो. नजर जाईल तिथवर गवत, झाड शोधावं लागतं. त्या गवतात प्रेअरी डॉगची गावं वसलेली असतात. नाव कुत्र्याचं, जात खारीची. वजन किलोच्या आसपास. बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा करतात, त्यावर दोन पायांवर उभे राहतात आणि धोका दिसला की भुंकल्यासारखा आवाज काढतात. एकेका गावात शेकडो, कधी हजारो. गुरांचं गवत खातात, बिळं करतात, म्हणून रँचवाल्यांना नकोसे. मग रँचवाले नेमबाजांना बोलावतात, आणि एकेक माणूस दिवसाला दोनशे-तीनशे काडतुसं उडवतो. रायफलच्या नळीवर इतका ताण शिकारीच्या दुसऱ्या कुठल्या प्रकारात पडत नसेल.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे, त्यामुळे तुमच्यापैकी काहींना हे ऐकवणार नाही, हे मला कळतं. मलाही तिथे सगळंच पटलं असं नाही. काळ्या पायांचा फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी जवळजवळ संपूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतो. गावं संपत गेली तसा तो संपला, असंच सगळे धरून चालले होते. 1981मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सी गावाजवळ एका रँचवरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला, तेव्हा थोडे शिल्लक आहेत हे कळलं. 1987पर्यंत शेवटचे 18 पकडून त्यांची पैदास केली, पुन्हा रानात सोडले. दक्षिण डकोटातल्या कोनाटा खोऱ्यात फेरेट आहेत, म्हणून तिथे प्रेअरी डॉगवर गोळी झाडायला बंदी आहे. ही बंदी योग्यच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जिथे परवानगी आहे तिथे नेम असा हवा की जनावर जागच्या जागी संपलं पाहिजे. तापलेल्या नळीचा विषय माझ्यासाठी इथूनच सुरू होतो.

माझी तिथली पहिली जूनची दुपार. हातात .22-250 रेमिंग्टन काडतुसाची रायफल, हलकी शिकारी नळी. सकाळी कागदावर नेम लावून घेतलेला, पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकाव्यात इतक्या जवळ. समोर गाव गजबजलेलं. वीस मिनिटांत साठ काडतुसं संपवली. पहिली वीस जिथे बघितलं तिथे गेली. चाळिशीच्या पुढे धूळ कधी वर उडायला लागली, कधी उजवीकडे. मला वाटलं दुर्बीण सैल झाली. स्क्रू आवळले आणि पुन्हा झाडलं. एक प्रेअरी डॉग मागचा भाग ओढत बिळात शिरला. तो आत किती वेळ जिवंत होता, हा विचार अजून पाठ सोडत नाही. ज्यांच्या रँचवर आम्ही होतो ते म्हातारे गृहस्थ काही बोलले नाहीत. आपल्या पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब त्यांनी माझ्या नळीवर टाकले. चर्र झालं आणि थेंब दिसेनासे झाले.

त्या रात्री मी हिशेब मांडला. तुम्हीही माझ्याबरोबर मांडा, अवघड नाही. .223 रेमिंग्टनच्या काडतुसात दीड-पावणेदोन ग्रॅम दारू असते. ती जळून साधारण 6 किलोज्यूल ऊर्जा निघते. त्यातली पावणेदोन किलोज्यूलच्या आसपास गोळी घेऊन जाते. सेकंदाला जवळजवळ हजार मीटर वेगाने ती सुटते, तिला तेवढी लागते. बरीचशी ऊर्जा तोंडातून उसळणाऱ्या वायूबरोबर निघून जाते. उरलेली नळीत मुरते. पाव हिस्सा धरा, म्हणजे दीड किलोज्यूल. नळीचं पोलाद दीड किलो असेल तर एका गोळीमागे ती सरासरी 2 अंश तापते. .22-250मध्ये दारू अडीच ग्रॅमच्या घरात, म्हणजे गोळीमागे 3 अंशांच्या वर. नळी हलकी असेल तर आणखी. माझी साठ काडतुसं आता तुम्हीच गुणा. मधल्या वेळात वाऱ्याने थोडी उष्णता गेली, तरी नळी पाणी उकळण्याच्या कितीतरी पुढे पोचली होती.

इथे कोल्हापूरची मंडळी बसली आहेत, म्हणून एक तुलना करतो. आपल्या स्वप्नील कुसाळेने 2024ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक घेतलं, त्यातली रायफल .22 लाँग रायफल काडतुसाची. त्यात दारू ग्रॅमचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. पात्रता फेरीच्या साठच्या साठ गोळ्यांची दारू एकत्र केली, तरी .223ची तीन-चार काडतुसं भरतील. म्हणून आपल्या रेंजवर वाढलेल्या मुलांना नळीच्या तापाची सवयच नसते. ती मोठ्या काडतुसाकडे गेली की माझ्यासारखीच फसतात.

आता गोळ्या का भरकटल्या? पोलाद तापलं की वाढतं, हे शाळेतलं. नळी सगळीकडून सारखी वाढली तर नेमाला फारसा धक्का नाही. ती सारखी वाढत नाही, तिथे घोटाळा होतो. दुपारचं ऊन एका बाजूला, वारा दुसऱ्या बाजूला. साठ सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर जाड नळी घ्या. तिच्या एका बाजूचं पोलाद पूर्ण लांबीभर दुसऱ्या बाजूपेक्षा फक्त 1 अंशाने गरम आहे असं समजा. हिशेब केला तर नळीचं तोंड इतकं कलतं की 250 मीटरवर गोळी 9 सेंटिमीटर बाजूला जाते. उभा प्रेअरी डॉग रुंदीला जेमतेम तेवढाच असतो. एका अंशाने! हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी तो तीनदा तपासला. रणगाड्याच्या तोफेवर उष्णतारोधक आवरण घालतात ते याच कारणासाठी, ऊन-पावसाने तोफ वाकू नये म्हणून.

त्यात नळी घडवताना पोलादात राहिलेला ताण असतो. आतल्या पिळदार खाचा दाबून उठवल्या आणि नंतर भट्टीत तो ताण नीट उतरवला नाही, तर नळी तापेल तशी आपली जुनी ओढ दाखवते. लाकडी दस्ता नळीला कुठे टेकत असेल तर तोही ढकलतो. म्हणून चांगल्या रायफलची नळी पुढे मोकळी सोडलेली असते. नळी आणि दस्ता यांच्यातून नोट सरकवून बघा, अडता कामा नये.

आणखी एक फसवणूक डोळ्याची. तापलेल्या नळीवरून गरम हवा उठते आणि थेट दुर्बिणीसमोरून जाते. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी हलल्यासारखं दिसतं ना, तसं सगळं लक्ष्य थरथरतं. जनावर आहे तिथून थोडं सरकलेलं दिसतं, आणि आपण त्या दिसण्यावर नेम धरतो. चेंबरपासून, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेपासून, तोंडापर्यंत नळीच्या वरच्या बाजूला कापडी पट्टी ताणून बसवतात. गरम हवा बाजूने निघून जाते. दोन-तीनशे रुपयांत शिवून होईल अशी वस्तू, पण तिच्यावाचून महागडी दुर्बीण आंधळी होते.

हा झाला पहिला ताप. हाताला कळणारा, त्या दिवसाचा नेम बिघडवणारा. नळी निवली की हा ताप गेला. दुसरा ताप हाताला कळतच नाही, आणि तो जात नाही.

दारू जळते तेव्हा आतला वायू अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पोलाद पंधराशेच्या अलीकडे-पलीकडे वितळतं. मग नळी वितळत का नाही? कारण हे सगळं एक-दोन हजारांश सेकंदात उरकतं. तेवढ्या वेळात उष्णता पोलादात कागदाच्या जाडीइतकीच शिरते. पण तो कागदाएवढा थर हजार अंशांच्या घरात जातो आणि मागच्या थंड पोलादामुळे लगेच विझतो. लोहार तांबडं लोखंड पाण्यात बुडवतो तसं, प्रत्येक गोळीला, आतल्या कातडीपुरतं. विझलेला थर कडक आणि ठिसूळ होतो. त्यात वायूतला कार्बन आणि नायट्रोजन शिरतो. पुढच्या गोळीला तो पुन्हा फुगतो, पुन्हा आकसतो आणि तडकतो. पुढे त्या भेगांच्या कडा वायू उडवून नेतो. सगळ्यात जास्त मार बसतो तो काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढच्या दोन-तीन इंचांना. नेमबाज त्याला नळीचा घसा म्हणतात.

लहान भोक आणि जास्त दारू असेल तर घसा लवकर जातो. .308 विंचेस्टरमध्ये पावणेतीन-तीन ग्रॅम दारू पावणेआठ मिलिमीटरच्या भोकातून जाते. .22-250मध्ये अडीच ग्रॅम पावणेसहाच्या भोकातून. भोकाच्या दर चौरस मिलिमीटरमागे दारूचा मार दीडपटीहून जास्त. 1935ला आलेल्या .220 स्विफ्टची नळी खाणारं काडतूस म्हणून बदनामी झाली ती यामुळेच. त्यात ते विकत घेणाऱ्यांनी ते तापल्या नळीतून सटासट झाडलं.

आता दोन्ही ताप जोडून बघा. सकाळी नळी 25 अंशांवर असते, तिथून आतली कातडी उसळते. दुपारी नळी स्वतःच दीडशेवर असेल, तर कातडी तिथूनच उसळते. माथा तेवढा वर जातो आणि निवायला वेळ जास्त लागतो, कारण मागचं पोलाद उष्णता ओढून घेत नाही. म्हणजे गरम नळीतली गोळी थंड नळीतल्या गोळीपेक्षा घशाची जास्त झीज करते. किती गोळ्या झाडल्या एवढंच महत्त्वाचं नसतं, कोणत्या तापावर झाडल्या हेही असतं. गरम नळीत काडतूस भरून गप्पा मारत बसणंही वाईट. दारू शेकते, जास्त जोराने जळते, दाब आणि वेग दोन्ही वाढतात. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, उघडा ठेवा.

काय करायचं? सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वजन. जाड नळी हळू तापते. काही नळ्यांवर बाहेरून उभ्या खाचा पाडलेल्या असतात, त्यांनी पृष्ठभाग वाढतो, नळी लवकर निवते, पण तेवढं पोलाद गेल्यामुळे लवकर तापतेही. लांब ओझं न्यायचं नसेल तर मी खाचा घेत नाही. दुसरं, दोन-तीन रायफली न्यायच्या. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर एक सावलीत ठेवायची, दुसरी घ्यायची. ठेवताना बोल्ट काढून तोंड वर करून ठेवा. आतली गरम हवा वर जाते, खालून थंड शिरते, धुराड्यासारखं. बॅटरीवर चालणारे छोटे पंखे मिळतात, चेंबरमध्ये बसवून आत हवा फुंकणारे. तेही उपयोगी. .17 एचएमआरसारखं छोटं काडतूस जवळच्या लक्ष्यांसाठी ठेवलं तर मोठ्या नळीला आपोआप विसावा मिळतो.

आणि ओलं फडकं. हे मला कोणी शिकवलं नाही, आमच्या घरच्या माठाने शिकवलं. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सव्वादोन किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम पाण्याने सगळी उष्णता नळीतूनच घेतली, तर दीड किलोची नळी पंधरा अंशांनी उतरते. डकोटाची हवा विदर्भासारखी कोरडी, फडकं बघता बघता सुकतं. रत्नागिरीच्या हवेत हे इतकं चालणार नाही, जसा कूलर चालत नाही. पुष्कळ जण घाबरतात की पाण्याने पोलादाचं पाणी उतरेल. उतरत नाही. नळीचं पोलाद कारखान्यात साधारण पाच-सहाशे अंशांवर शेकून मऊ केलेलं असतं, तुमचे दीडशे अंश त्याला जाणवतही नाहीत. भीती वेगळी आहे. पाणी नळीच्या आत राहिलं आणि तशीच गोळी झाडली तर नळी फुटू शकते. फडकं बाहेरून, बोल्ट उघडा, आणि पुन्हा भरण्याआधी आतून कोरडी चिंधी फिरवायची. चेंबर बघितल्याशिवाय काडतूस घालायचं नाही.

थांबायची वेळ मी अशी ठरवतो. घशाजवळ नळीवर तळवा ठेवायचा आणि पाच मोजायचे. पाचापर्यंत हात ठेववत नसेल तर रायफल खाली. पण त्याच्याही आधी मोजलेल्या गोळ्या. मी खिशात एका वेळी वीसच काडतुसं ठेवतो. संपली की उठून गाडीपर्यंत जावंच लागतं. हाताचा अंदाज चुकतो, चालण्याला लागणारा वेळ चुकत नाही.

आता दिवे जरा मंद करा. पडद्यावरचा हा फोटो माझ्या त्या पहिल्या नळीच्या घशाचा आहे, आत बारीक कॅमेरा घालून काढलेला. सुमारे अकराशे गोळ्या झाल्या होत्या. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाच्या चिखलाला पडतात तशा भेगा बघा, चौकोनी ढेपा सुटलेल्या. खाचांच्या कडा इथे नाहीतच. ही नळी मी काढून टाकली.

हा दुसरा फोटो. तेच काडतूस, जाड नळी, वीस-वीसच्या बेताने झाडलेल्या दोन हजारांवर गोळ्या. भेगा आहेत, पण बारीक, आणि खाचांच्या कडा इथून इथपर्यंत सलग दिसतात. या उन्हाळ्यात हीच रायफल घेऊन मी पुन्हा त्याच रँचवर गेलो होतो.

दिवे लावा. ती मघाची मुलगी कुठे बसली आहे? पहिला प्रश्न तिचा.