हुरड्याला जमलेली पोरं

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पौषात परभणीजवळच्या एका शेतात आम्ही हुरड्याला जमलो होतो. पंधरा-सोळा तरुण पोरं, त्यांच्या आया, काहींचे वडील, आजीसुद्धा. आगटीतून गरम कणसं निघत होती. आमच्यातल्या एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, त्याच्या मुठी उघडत नाहीत. सवयीनं त्याची आई उठली. पण तिच्या आधी माझा मुलगा पुढं झाला. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनचं बौद्धिक दिव्यांगत्व. त्यानं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून फोलपट उडवलं आणि चार-चार दाणे मित्राच्या तोंडात घातले. मध्येच थांबून विचारलं, "चटणी लावू का?"

बावीस वर्षं सगळे माझ्या लेकरासाठी करत आले. त्यानं कुणासाठी काही करावं, अशी जागाच आम्ही त्याला ठेवली नव्हती. आज बोलायचंय ते या जागेबद्दल.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. किमान ठरावीक टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही त्यात आहे. पण अठरा पूर्ण झाली, शाळा सुटली, की पुढं काय? वर्गातली बाकी पोरं पुण्या-संभाजीनगरला जातात, आमची ओसरीवर बसतात. आणि आईबापही हळूहळू बसतात. लग्नकार्य आलं की दोघांपैकी एकानं घरी थांबायचं, हे न बोलता ठरून जातं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर असं पोर सहा-सहा महिने थकलेल्या आजीजवळ राहतं.

म्हणून अशी पोरं आणि आम्ही पालक महिन्यातून एका रविवारी जमतो. भाषण नाही, हार-तुरे नाहीत, फोटो नाहीत. गाणी, कॅरम, वाती वळणं, शेंगा फोडणं, मनात येईल ते. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेला एक मुलगा पहिल्या दोन वेळा दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर लिंबाखाली बसून राहिला. त्याला कुणी ओढत आणलं नाही. आम्ही ढोलकी बंद केली. तिसऱ्या वेळी तो आपण होऊन दाराशी आला आणि चपलांच्या जोड्या नीट लावून ठेवल्या. आता ते काम त्याचंच आहे, दुसऱ्यानं हात लावलेला त्याला चालत नाही.

वडील मंडळींना वेळ लागला. आधी ती बाहेर मोटारसायकलवरच बसायची. बापाला रडता येत नाही चारचौघांत, एवढंच त्याचं कारण असावं.

आयांच्या गप्पांतून जे कळतं, ते मला कुठल्याच खिडकीवर कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा अठराचा झाल्यावर एका बँकेनं मला पालकत्वाचा कागद मागितला. जन्मदात्या आईकडं कसला कागद, म्हणून मी रडत घरी आले. तेव्हा गटातल्या एका मावशीनं समजावलं: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगत्व असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. याच न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचं संरक्षण आहे, हेही तिनंच सांगितलं. नुसतं सांगून ती थांबली नाही, कागदांची पिशवी घेऊन माझ्याबरोबर आली.

तुमच्या गावात, तांड्यावर असं एखादं घर असेल. आशाताईला, अंगणवाडीताईला विचारा, त्यांना घर न घर माहीत असतं. दोन घरांपासूनही सुरुवात होते. मोठी संस्था लागत नाही. एक सावलीची जागा, पिण्याचं पाणी आणि आत जाता येईल असं स्वच्छतागृह मात्र हवंच.

आणि आता लग्नसराई येईल. पत्रिका द्यायला त्या घरी गेलात, तर त्या पोराचं नाव घेऊन, त्याच्या हातात अक्षता देऊन बोलवा. बँडपासून लांब, पंख्याखाली त्याची खुर्ची ठेवा. शेजारी त्याच्या आईची नको, त्याच्या वयाच्या कुणाची तरी ठेवा.

नमस्कार.