जास्त पैसे नेमके कोणाला? बेसबॉलचे करार आणि कॉलेज फुटबॉलची निष्ठा

मंडळी, अमेरिकेत खेळांवर गप्पा सुरू झाल्या की दोन वाद हटकून निघतात. एक, बेसबॉलच्या खेळाडूंना भरमसाट पैसे मिळतात. दुसरा, कॉलेजच्या (अमेरिकन) फुटबॉलमध्ये निष्ठा म्हणून काही उरली नाही, पोरं पैशांसाठी दरवर्षी कॉलेज बदलतात. हे दोन्ही वाद घालणारी माणसं बहुधा तीच असतात आणि दोन्ही वेळा त्यांचा राग खेळाडूवर निघतो. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे एकदा मांडून पाहिलं, तर हा राग चुकीच्या माणसावर निघतोय हे कळतं. आज तेच मांडायचं आहे. आपल्यातले कितीतरी जण एम.एस. करायला ॲन आर्बर, कोलंबस, ऑस्टिन अशा विद्यापीठांच्या गावी गेले आणि कॉलेज फुटबॉलच्या शनिवारच्या सामन्यांना कायमचे बांधले गेले. त्यामुळे हा हिशेब आपल्याही खिशातला आहे.

आधी बेसबॉल. डिसेंबर २०२४मध्ये फलंदाज हुआन सोतोने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण बेसबॉलमध्ये कोणाला किती मिळणार हे खेळाच्याही आधी सर्व्हिस टाइमवर, म्हणजे नोकरीच्या भरलेल्या दिवसांवर ठरतं. मोसम साधारण १८७ दिवसांचा असतो. त्यातले १७२ दिवस मोठ्या संघाच्या यादीवर नाव राहिलं की नोकरीचं एक वर्ष भरलं. पहिली तीन वर्षं क्लब देईल तो पगार घ्यायचा. फक्त किमान आकडा ठरलेला, २०२५मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. तीन वर्षं भरली की लवादाकडे जाता येतं. तिथे क्लब एक आकडा मांडतो, खेळाडू दुसरा, आणि लवादाने त्या दोहोंतला एकच उचलायचा असतो, मधला काढायचा नाही. सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही क्लबशी बोलायला मोकळा. तोवर त्याचं वय बहुतेक वेळा २८ ते ३० झालेलं असतं आणि फलंदाजाचे सर्वांत चांगले मोसम संपत आलेले असतात.

या घड्याळाचा एक काटा किती महाग पडतो ते बघा. २०१५च्या वसंतातल्या सराव सामन्यांत क्रिस ब्रायंटने होम रनचा पाऊस पाडला. तरीही शिकागो कब्जने त्याला मोसमाच्या आरंभी खालच्या लीगमध्ये ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसासाठी त्याचं फ्री एजंट होणं अख्खं वर्ष पुढे गेलं. त्याने दाद मागितली, २०२०मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. दरम्यान तो २०१५चा सर्वोत्तम नवोदित आणि २०१६चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती. त्या २०१६मध्ये ब्रायंटचा पगार होता ६ लाख ५२ हजार डॉलर. पुढे २०२२मध्ये कोलोरॅडो रॉकीजने त्याला सात वर्षांसाठी १८.२ कोटी दिले आणि दुखापतींमुळे तो मैदानावर फारसा दिसलाच नाही. आज लोक त्याला फुकटखाऊ म्हणतात. अंगात सगळं होतं तेव्हा साडेसहा लाख, अंग थकलं तेव्हा वर्षाला सरासरी २ कोटी ६० लाख. दोन्ही आकडे एकत्र ठेवल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२च्या सामूहिक करारात यावर थोडा उतारा आला. नवोदितांच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आलेल्याला आता पूर्ण वर्ष धरतात. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला २०२४मध्ये ते मिळालं. पण २०२५मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम गोलंदाज ठरताना त्याचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. यंदा कोण जास्त लाटतोय याची यादी करणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाचीही यादी करावी. ती कितीतरी लांब निघेल.

आता एखादा करार महाग की स्वस्त हे कसं पाहायचं? बॅटिंग ॲव्हरेजवरून, म्हणजे दर फलंदाजीमागे किती हिट (बेस मिळवून देणारे फटके) यावरून पाहू नका. त्यात बेस ऑन बॉल्स (चार वाईट चेंडू पडले की फलंदाजाला चालत मिळणारा पहिला बेस) मोजले जात नाहीत, आणि सोतोची निम्मी किंमत त्यातच आहे: २०२४मध्ये ४१ होम रन आणि १२९ वेळा चालत पहिल्या बेसवर. अभ्यासक वॉर नावाचं माप वापरतात. खालच्या लीगमधून कधीही उचलून आणता येतील अशाच खेळाडूंचा संघ उतरवला, तर तो १६२पैकी साधारण ४८ सामने जिंकेल असं धरतात. त्या पातळीच्या वर एक खेळाडू किती विजय मिळवून देतो ते हे माप सांगतं. दहा धावांना जवळपास एक विजय पडतो. वॉर २ म्हणजे संघात रोज खेळणारा सरासरी खेळाडू, ५ म्हणजे ऑल-स्टार, ८ म्हणजे वर्षातला सर्वोत्तम. खुल्या बाजारात एका विजयाला ८० ते ९० लाख डॉलर पडतात असा बहुतेकांचा अंदाज आहे. म्हणजे फ्री एजंट झालेला अगदी सरासरी खेळाडूही दीड-पावणेदोन कोटींना जातो, आणि तो बाजारभाव असतो. इथे एक चूक सर्रास होते: एकाच वर्षाचा वॉर घेऊन निकाल देणं. क्षेत्ररक्षणाचे आकडे वर्षागणिक फार हलतात, निदान तीन वर्षांचे घ्या.

त्यानंतर वय बघा. तिशी ओलांडली की बॅटचा वेग आणि पायांचा वेग दोन्ही उतरतात. ख्रिस डेव्हिसने २०१५मध्ये ४७ होम रन मारले, पण २०८ वेळा तो स्ट्राइकआउटही झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला. बॅट जराशी मंदावली तरी ज्याचं सगळंच कोसळेल असा हा खेळाडू. बाल्टिमोर ओरिओल्सने जानेवारी २०१६मध्ये, तो तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याला सात वर्षांचे १६.१ कोटी दिले. २०१८मध्ये त्याची सरासरी .१६८वर आली आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तो सलग ५४ वेळा हिटशिवाय परतला. २०२१मध्ये त्याने खेळ सोडला. उशिरा द्यायच्या ठेवलेल्या रकमेचे हप्ते मात्र २०३७पर्यंत चालणार आहेत, कारण बेसबॉलचा करार हमीचा असतो, खेळ बिघडला म्हणून तो मोडता येत नाही. सोतो सही करताना २६ वर्षांचा होता आणि त्याचं बळ नजरेत आहे, जी हळू उतरते. सोतोचा आकडा मोठा असला तरी मला डेव्हिसचा करार जास्त जोखमीचा वाटतो.

लांब मुदत बघूनही लोक चिडतात. चाळिशीपर्यंत पगार कशाला, असं विचारतात. त्याचं कारण करात आहे. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखी असते, २०२५च्या मोसमासाठी ती १२० कोटी रुपये होती. बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही, लक्झरी टॅक्स आहे: पगारांची बेरीज ठरलेल्या रेषेवर गेली की क्लबला भरावा लागणारा कर. २०२५ची रेषा २४.१ कोटी डॉलर. ती पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, आणि रेषेच्या सहा कोटी वर गेलं की आणखी ६० टक्के. म्हणजे नेहमी ओलांडणाऱ्या क्लबला शेवटचा एक डॉलर दोन डॉलर दहा सेंटला पडतो. हा कर कराराच्या वार्षिक सरासरीवर लागतो. म्हणून फिलाडेल्फियाने ब्राइस हार्परला ३३ कोटी १३ वर्षांवर पसरून दिले: सरासरी २ कोटी ५४ लाख, कर कमी. शेवटची वर्षं तोट्याची जाणार हे दोन्ही बाजूंना सही करतानाच ठाऊक असतं. शोहेई ओतानीच्या ७० कोटींतले ६८ कोटी २०३४ ते २०४३मध्ये बिनव्याजी द्यायचे आहेत, खेळत असताना त्याला वर्षाला फक्त २० लाख मिळतात. पुढच्या पैशांची आजची किंमत काढली की करासाठी त्याचा वार्षिक आकडा ७ कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाख धरला जातो. छापून येणारा आकडा आणि खरा आकडा यांत एवढं अंतर पडू शकतं.

आणि तिकिटं? खेळाडूंना एवढे द्यावे लागतात म्हणून तिकीट महाग, असं सगळेच म्हणतात. ते खरं नाही. करारावर सही झाली की ती रक्कम देणं आलंच, तिकीट स्वस्त ठेवा की महाग. मालक तिकिटाचा भाव लावतो तो प्रेक्षक किती मोजायला तयार आहे यावरून. पगार निम्मे झाले तरी मैदान भरत असेल तोवर भाव उतरणार नाही. याचा पुरावा हवा असेल तर कॉलेज फुटबॉल पाहा. तिथे कित्येक दशकं खेळाडूंचा पगार शून्य होता.

शिष्यवृत्ती, राहणं, जेवण, एवढंच मिळायचं. तिकिटं मात्र स्वस्त झाली नाहीत. मोठ्या विद्यापीठांत मोसमाचं चांगलं तिकीट घ्यायचं तर आधी क्रीडा निधीला देणगी द्यावी लागते, दरवर्षी. २०१७पर्यंत त्या देणगीच्या ८० टक्क्यांवर करसवलतही मिळायची. टीव्हीचं दार १९८४मध्ये उघडलं. त्याआधी एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था प्रत्येक कॉलेजचे किती सामने दाखवायचे हे ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी खटला भरला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा त्यांच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून पैसा धो धो आला. खेळाडूला देता येत नाही म्हटल्यावर तो व्यायामशाळांत, इमारतींत आणि मुख्यतः प्रशिक्षकांत गेला. टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशरला नोव्हेंबर २०२३मध्ये काढलं तेव्हा उरलेल्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायची कबूल होती, दुसरीकडे नोकरी मिळाली तरी त्यात कपात नाही. डेव्हिसवर चिडणाऱ्यांनी हा आकडा शेजारी मांडावा. सार्वजनिक विद्यापीठ, आणि न शिकवण्याचे एवढे पैसे!

आता निष्ठा. कॉलेज फुटबॉलवरचं प्रेम मला मनापासून मोलाचं वाटतं. अलाबामा आणि नेब्रास्का या राज्यांत मोठ्या लीगचा व्यावसायिक संघच नाही, शनिवारचा संघ हाच राज्याचा संघ. नेब्रास्काचं मैदान १९६२पासून घरच्या प्रत्येक सामन्याला पूर्ण विकलं जातं. मिशिगनचं स्टेडियम १,०७,६०१ जणांचं आहे, आणि ओहायो स्टेटविरुद्धच्या नोव्हेंबरातल्या सामन्यासाठी घराघरांत वर्षभर वाट पाहतात. ही माया कशावर असते? गावावर, बँडवर, शेजारच्या राज्याशी असलेल्या जुन्या वैरावर. खेळाडू तर चार वर्षांत जातातच, नेहमीच जात होते.

मग हे वैर मोडलं कोणी? टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा सामना २०११नंतर थेट २०२४मध्ये झाला. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा जुना दरवर्षीचा सामना २०२३नंतर बंद पडला. पॅसिफिक किनाऱ्याची शतकभर जुनी कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, २०२४मध्ये बारा विद्यापीठांवरून दोनवर आली. आज लॉस एंजेलिसचं यूसीएलए न्यू जर्सीच्या रटगर्सच्या कॉन्फरन्समध्ये आहे आणि स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या. हे निर्णय विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आणि क्रीडा संचालकांनी घेतले, टीव्हीच्या पैशांसाठी. बिग टेन या रटगर्सच्याच कॉन्फरन्सचा २०२२मध्ये जाहीर झालेला टीव्ही करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरहून मोठा आहे. प्रशिक्षकही कधीही उठून जात. नोव्हेंबर २०२१मध्ये ब्रायन केली नोट्र डेम विद्यापीठ सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेला तेव्हा नोट्र डेमला प्लेऑफची, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यांची आशा अजून होती. खेळाडूने कॉलेज बदललं तर त्याला मात्र २०२१पर्यंत वर्षभर बाहेर बसावं लागे. बदल्यांचं पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) आल्यावर निष्ठा संपली म्हणणाऱ्यांना हा क्रम आठवायला हवा.

आताच्या व्यवस्थेत दोष आहेतच. जुलै २०२१मध्ये खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातींत वापरू देऊन पैसे घ्यायची मुभा मिळाली, पण नियम कोणी नीट आखले नाहीत. देणगीदारांची मंडळं सोयीच्या करारांआड पगारच देऊ लागली आणि कच्च्या कागदांवर दिलेली वचनं मोडली गेली. जून २०२५मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध भरलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि प्रत्येक कॉलेजला चालू खेळाडूंना २०२५-२६मध्ये २ कोटी ५ लाखांपर्यंत थेट देण्याची परवानगी. ६०० डॉलरच्या वरचा बाहेरचा प्रत्येक करार तपासणीला पाठवायचा. सगळ्यात जास्त झळ लागली ती शिष्यवृत्तीविना, हौसेने खेळणाऱ्या पोरांना. शिष्यवृत्तीची ८५ची मर्यादा गेली आणि संघातच १०५ची मर्यादा आली, त्यात त्यांच्यातल्या अनेकांच्या जागा गेल्या. 

बेसबॉलच्या खेळाडूंकडे १९६६पासून मार्व्हिन मिलरने उभी केलेली संघटना आहे. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी होती तेव्हा ती लढली, म्हणून आजही मर्यादा नाही. मालकांशी २०२२मध्ये झालेल्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६पर्यंत आहे आणि तोच वाद पुन्हा येणार. कॉलेजच्या खेळाडूंवर मर्यादा बसली आहे, पण ती ठरवताना त्यांच्या वतीने टेबलावर बसायला कोणतीही संघटना नव्हती. तडजोड वकिलांनी केली, न्यायाधीशांनी मान्य केली, आणि ज्यांचं वय आज चौदा-पंधरा आहे त्या मुलांचे दरही दहा वर्षांसाठी त्यात बांधले गेले.