हाताचा गुण कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी.

डॉक्टर चांगला की वाईट हे सांगायला आपल्याकडे एक जुना शब्द आहे, गुण. 'त्यांच्या हाताला गुण आहे.' 'महिनाभर गोळ्या खाल्ल्या, पण गुण नाही आला.' माझी आजी वाटेतले दोन दवाखाने ओलांडून तिसऱ्यात जायची ती या गुणापायी. आम्ही आरोग्याच्या अर्थशास्त्रातली माणसं मात्र बराच काळ खाटा मोजत राहिलो. हजार माणसांमागे डॉक्टर किती, औषधांवर खिशातून पैसे किती गेले, हे मोजलं. दाराआड, डॉक्टर आणि रोगी समोरासमोर बसतात तेव्हा नेमकं काय होतं, याच्या वाटेला फारसं कुणी जात नसे. जिष्णू दास यांनी वीसहून अधिक वर्षं तेच काम धरून ठेवलं आहे, म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलायचं ठरवलं.

ते आधी जागतिक बँकेत संशोधक होते, आता अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठात प्राध्यापक आहेत. पाकिस्तानातल्या पंजाबातल्या शाळांवरही त्यांचं मोठं काम आहे, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. मी दिल्लीपासून सुरुवात करते.

2000 ते 2002 या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या 1621 माणसांच्या आजारपणाची नोंद ठेवली. काही वेळा दर आठवड्याला विचारलं, काही वेळा महिन्याचं एकदम. पुढे 2008 मध्ये आणखी आठ आठवडे हाच प्रश्न प्रयोग म्हणून तपासला. आठवड्याला विचारलं तर गरीब माणसं श्रीमंतांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जाताना दिसतात. महिन्याचं विचारलं तर चित्र उलटं, गरीब कमी जातात! माणसं तीच, गल्ल्या त्याच. फरक फक्त किती दिवस मागचं आठवायला सांगितलं याचा. त्यांचा अंदाज असा, की गरिबाघरी दुखणं ही सांगण्यासारखी घटनाच उरत नाही, ते रोजच्या जगण्यात मिसळून जातं.

हा निबंध मी वाचला आणि मला सोलापूर जिल्ह्यातलं एक घर आठवलं. तेव्हा मी नवखी होते, हातात छापील फॉर्म. चुलीपुढे बसलेल्या मावशींना विचारलं, "गेल्या महिन्यात घरात कुणी आजारी होतं का?" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "नाय बाई, देवाच्या दयेनं समदं बरं हाय." मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं. निघताना त्यांनी चहा दिला, आणि साखरेच्या डब्याशेजारी मला कात्रीने कापलेल्या गोळ्यांचे तुकडे दिसले. दोन लाल, एक पांढरी. कुणाच्या, म्हटलं. "ह्या व्हय? माज्याच. अंगात कसर असती ना, रोजचंच हाय." रोजचंच म्हणून ते आजारपण नव्हतं. फॉर्मवरचं 'नाही' मी बदललं नाही, कारण कसं बदलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ती चूक मला आजही टोचते. अशा किती 'नाही' जमून आपले तक्ते तयार झाले असतील?

दिल्लीतच, अर्थतज्ज्ञ जेफ्री हॅमर यांच्याबरोबर, दास यांनी पुढचा प्रश्न घेतला. डॉक्टरला माहीत किती, आणि तो करतो किती? आधी डॉक्टरांना कागदावरचे रोगी दिले. असा माणूस आला, अशी तक्रार आहे, तुम्ही काय विचाराल, काय तपासाल? महिन्याभराने त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून पाहिलं. 2007 मध्ये हे छापून आलं. डॉक्टर जे जाणतात त्यापेक्षा कमी करतात, आणि ही दरी पगारी सरकारी डॉक्टरांत फी घेणाऱ्या खासगी डॉक्टरांपेक्षा मोठी होती. कमी शिकलेले खासगी डॉक्टर, ज्ञान कमी असूनही, सरासरीने जास्त शिकलेल्या सरकारी डॉक्टरांपेक्षा बरी सेवा देत होते. मी सरकारी आरोग्यकेंद्रांच्या बाजूची आहे, त्यामुळे हे वाचून मला त्रास झाला. पण त्रास झाला म्हणून आकडा खोटा ठरत नाही.

अर्थात, शेजारी बसून पाहण्यात एक अडचण आहे. बघणारा समोर असला की कुणीही जरा नीट वागतो. शिवाय येणारा प्रत्येक रोगी वेगळा, त्याला खरं काय झालंय हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मध्य प्रदेशात त्यांनी तोतये रोगी पाठवले. तोतया हा माझा शब्द. साधी माणसं निवडून त्यांना खूप सराव दिला आणि दवाखान्यांत धाडलं. तक्रारी तीन. एकाच्या छातीत दुखतंय, हृदयाकडे बोट दाखवणारं दुखणं. एकाला दम्याचा त्रास. तिसरी तक्रार मला फार हुशारीची वाटते. बाप येतो आणि सांगतो, पोराला जुलाब होताहेत, पोर घरी आहे. पोर समोर नाही, म्हणजे डॉक्टरला तपासता येणार नाही, विचारावंच लागणार. शौचातून रक्त पडतं का? पाणी पितोय का? लघवी होते का? अनुभवी दाईसुद्धा हे विचारेल.

सुई टोचून घ्यायची वेळ आली तर ती कशी टाळायची, हेही या माणसांना शिकवलेलं होतं. बाहेर आल्यावर, आठवण ताजी असतानाच, डॉक्टरने काय विचारलं, काय तपासलं, काय दिलं, ते टिपून घ्यायचं.

सरकारी दवाखान्यात एका रोग्याला साधारण 2.4 मिनिटं मिळाली. खासगीत सुमारे दीड मिनिट जास्त. विचारायला हव्या होत्या त्या प्रश्नांतले आणि तपासण्यांतले फार थोडे दोन्हीकडे झाले, खासगीत जरा जास्त. त्या खासगी दवाखान्यांतल्या बहुतेकांकडे पदवी नव्हती. मला सगळ्यांत बोलकी वाटली ती पुढची तुलना. काही सरकारी डॉक्टर संध्याकाळी आपला खासगी दवाखाना चालवतात. त्याच डॉक्टरकडे दोन्ही ठिकाणी तोच आजार घेऊन माणूस पाठवला. खासगीत त्याने वेळ जास्त दिला, विचारपूस जास्त केली, योग्य उपचारही जास्त वेळा दिले. पदवी एक, डोकं एक, हातही तेच. मग गुण खुर्चीबरोबर बदलतो का?

यावरून 'सरकारी दवाखाने बंद करा' असं कुणी म्हणू लागलं, तर त्यांना मुंबईत घेऊन यायला हवं. मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी डॉक्टरांकडे क्षयरोगाची लक्षणं घेऊन असेच रोगी पाठवले. भेटी 2602. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य पाऊल, म्हणजे थुंकी तपासायला पाठवणं, छातीचा एक्स-रे काढायला सांगणं, नाहीतर पुढे पाठवणं, ढोबळमानाने तीनांपैकी एका भेटीतच पडलं. क्षयरोगाचं ओझं इतकं असलेल्या शहरात, फी घेऊन! त्याच सुमारास दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या 622 औषध दुकानांतही तोतये रोगी गेले. तिथे एकाही दुकानदाराने चिठ्ठीशिवाय क्षयरोगाची मुख्य औषधं दिली नाहीत. ज्यांना आपण सरसकट नावं ठेवतो, त्यांच्याबद्दलची ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे.

आता शेवटचा अभ्यास, पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला. सोबत यकृताचे डॉक्टर अभिजित चौधरी यांची लिव्हर फाउंडेशन ही संस्था आणि अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी. आपल्याकडे ज्यांना 'बंगाली डॉक्टर' म्हणतात, तसे बिनपदवीचे 304 जण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची निम्मी-निम्मी वाटणी केली. निम्म्यांना नऊ महिने शिकवलं. मग तोतये रोगी गेले. शिकलेल्यांनी रोगी योग्य प्रकारे हाताळण्याचं प्रमाण 7.9 टक्केबिंदूंनी, म्हणजे शंभर भेटींमागे साधारण आठने, वाढलं, तेही सगळे वर्गाला नियमित आले नसताना. पण नको असलेली औषधं, अँटिबायोटिक देण्याची सवय? ती जशीच्या तशी राहिली.

या 2016 च्या निबंधावरून माझी आणि माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीची दरवर्षी खडाजंगी होते. ती म्हणते, भोंदूला शिकवणं म्हणजे त्याच्या पाटीला सरकारी रंग देणं. मी म्हणते, सोलापूरच्या त्या मावशींना रात्री दोन वाजता धाप लागली तर दार कुणाचं वाजवणार? त्या गावात एकच दार होतं, आणि त्या दाराआडच्या माणसाकडे पदवी नव्हती. त्याला जुलाबात रक्त पडतं का हे विचारायची सवय लागली, तर मला ती हवी आहे. मग ती अँटिबायोटिकचा मुद्दा काढते, आणि तो आकडा तिच्या बाजूने आहे. तिथे मी गप्प बसते.

समोर बरीच डॉक्टर मंडळी दिसताहेत. पहिला प्रश्न त्यांच्याकडूनच घेऊ.